नातं खुंटीला

"सोड, आक्का, पातळ सोड," मिस्त्री ओरडला.

माझा पदर पट्ट्यात गेला होता. मोटारीपासून आऱ्याच्या, म्हणजे लाकूड कापायच्या मोठ्या करवतीच्या, चाकापर्यंत तो पट्टा पळायचा, आणि त्याला तेव्हा जाळी नव्हती. मी वाकून भुसा भरत होते, तशीच गुडघ्यांवर घसरत चाकाकडे निघाले. बटन भिंतीवर होतं. मिस्त्री बटनाकडे गेला नाही. तो माझ्याकडे आला, कमरेशी हात घातला आणि निऱ्या उपसल्या. मी गरकन फिरले आणि पातळ सुटलं. शेवटचा पीळ त्याच्या मुठीला बसला. पट्ट्याने पातळ ओढून नेलं, त्याबरोबर त्याचा उजवा हातही.

तोवर मालकाने बटन दाबलं होतं. चाक तरीही फिरत होतं.

मी परकरावर भुश्यात बसले होते. अंगात मिस्त्रीचाच जुना शर्ट होता. गिरणीच्या दारात माझे भाया उभे होते, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं होतं. भावजय अशी बसलेली असताना भायाने बघायचं नसतं. मिस्त्रीचा हात मालकाने एकट्याने सोडवला.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं होतं. मिस्त्री एका ओंडक्यावर बसला. हात वर धरून मालकाला म्हणाला, "घट्ट बांधा. तोंडाकडं काय बघायलाव माज्या?" मग मला म्हणाला, "आक्का, लागलं का तुला?"

"न्हाई."

"मग ऊठ."

मी उठले. माझ्याच पातळाची चिंधी फाडून त्याचा हात बांधला. रडू आलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मानवतला ती लाकडाची गिरणी होती. नवरा वारल्यावर मी भायांच्या घरात राहत होते आणि दिवसभर गिरणीत भुसा भरत होते. मिस्त्री आऱ्यावर असायचा. माझ्याहून थोडा लहान, पण सगळ्यांना आजोबासारखा ओरडायचा. अशी माणसं तुम्हीही बघितली असतील. यांचा आवाज ऐकून वाटतं भांडण लागलं, आणि जवळ जाऊन बघावं तर ती नुसतं 'जेवला का' विचारत असतात.

गिरणीच्या चौकटीत त्याने स्वतः बाभळीच्या खुंट्या ठोकल्या होत्या. आत येणाऱ्याने खांद्यावरची दस्ती, गळ्यातला गंडा, मनगटातला दोरा, कडं, जे काही लोंबतं ते खुंटीला अडकवायचं. आणि सगळं अडकवून झालं की तो म्हणायचा, "आता नातं बी खुंटीला लावा, मग आत या."

पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे. मी विचारलं, "नातं कसं लावायचं वो?"

"हितं कुणी काका न्हाई, कुणी मामा न्हाई," तो म्हणाला. "पाव्हणा आला म्हणून तू मान वळवलीस, रामराम केलास, की हात गेला. आऱ्याला कळतंय का, कोण कुणाचा? मागून हाक मारायची न्हाई, खांद्याला हात लावायचा न्हाई. बोलायचं आसंल तर म्होरून यायचं, मला दिसंल असं."

हे तो रोज सांगायचा. लोक कंटाळले, तरी सांगायचा.

लाकूड पुढे ढकलायला त्याच्याकडे एक बाभळीची काठी होती. तिला तो जावई म्हणायचा. फळी छोटी राहिली की ओरडायचा, "हात मागं, जावई म्होरं." आरा त्या काठीचं टोक खायचा. फार झिजली की तो बसून नवी तासायचा. मालक एकदा त्याला म्हणाला, "मिस्त्री, नातं खुंटीला म्हणता अन् जावयाला बरं आत घेता."

"ह्यो जावई रुसत न्हाई अन् बोलत बी न्हाई," मिस्त्री म्हणाला. "म्हणून घेतलाय. त्याचं डोस्कं गेलं तर दुसरा करतो. तुमच्या लेकीला तसं जमंल का?"

मालक हसला. त्याच्या लेकीचं त्याच साली जमलं होतं.

आणखी एक त्याचं होतं. बटन दाबलं की तो दोन्ही हात काखेत घालून उभा राहायचा, आरा पूर्ण थांबेपर्यंत. कुणी घाई केली तर म्हणायचा, "बटन दाबलं म्हंजे आरा मेला न्हाई. त्याला निवांत मरू द्या." तो बटनाकडे न पळता माझ्याकडे का आला, हे मला या बोलण्यावरून कळलं. बटन दाबून काही झालं नसतं. चाक थांबेपर्यंत मी त्याच्यात गेले असते.

शर्टाचं असं झालं. मी कामाला लागले तेव्हा पदराचं काय करायचं हा प्रश्न आला. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया नवऱ्याचा शर्ट पातळावरून घालतात, तसा घाल, असं मिस्त्री म्हणाला. माझ्या नवऱ्याचे कपडे वाटून टाकले होते. मग त्याने आपला एक निळा शर्ट आणून शेवटच्या खुंटीला लावला. पदर कमरेला खोचायचा, वरून शर्ट, सगळी बटनं लावायची.

घरी जावेने विचारलं, "कुणाचा गं शर्ट घालतीस?"

"गिरणीचा," मी म्हणाले.

पदर पट्ट्यात गेला त्या दिवशी भाया दाराच्या चौकटीसाठी लाकूड कापायला घेऊन आले. ते येणार हे मला माहीत नव्हतं. मान वर केली तर दारात भाया. मी शर्टाखालून पदर ओढून काढला आणि डोक्यावर घेतला. विचार करून घेतला नाही. लग्न झाल्यापासून भाया दिसले की पदर वर जायचा, घास उचलला की हात तोंडाकडे जातो तसा. मिस्त्रीने ते बघितलं. लाकूड ढकलता ढकलता म्हणाला, "आक्का, खुंटी." मी ऐकलं. पण भाया दारातच होते. मग मी पाटी भरायला वाकले, आणि पदराचं टोक पट्ट्याकडे गेलं.

पुढचं सांगितलंच.

गावात बातमी गेली ती अशी, की मिस्त्रीने भर गिरणीत, भायांच्या देखत, बाईचं पातळ फेडलं. हात गेल्याचं लोक नंतर सांगायचे, आठवलं तर. भाया माझ्याशी थेट बोलत नसत. त्यांनी जावेला सांगितलं, "तिला म्हणावं, गिरणी बंद. जायचं आसंल तर हितून निघून जा, मग खुशाल जा." मला जायला दुसरं घर नव्हतं. माहेरी कुणी उरलं नव्हतं. मी घरात बसून राहिले. धुणं धुतलं, भाकरी केल्या. शर्ट धुऊन घडी करून ठेवला.

हात थोडा सुकल्यावर मिस्त्री आमच्याकडे आला. उजवा हात गळ्यात बांधलेला. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. भाया ओट्यावर बसले होते. मी आत दाराआड होते.

"काय पायजेल?" भाया म्हणाले.

"शर्ट ऱ्हायलाय माजा."

भाया रस्त्याकडे बघत राहिले.

"खुंटी मोकळी दिसायलीय," मिस्त्री म्हणाला. "बरं वाटंना."

भायांनी तेव्हा त्याच्या हाताकडे बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बघत होते, बराच वेळ बघत राहिले. मग आत वळून जावेला म्हणाले, "ज्याचा त्याला दिऊन टाक म्हणावं."

"म्या न्हाई नेत," मिस्त्री म्हणाला. "एका हातानं सायकल धरायलोय. शर्ट काय दातात धरू? उद्या आक्का कामावर येती तवा आणंल की."

जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, भाया आता उठून त्याला हाकलून देतील, आणि मग मलाही.

"आणंल," भाया म्हणाले.

मिस्त्रीने चहा मागितला नाही, त्याला कुणी दिलाही नाही. तो सायकल ढकलत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी शर्ट घेऊन गेले. पट्ट्यावर लोखंडी जाळी बसली होती. मी शर्ट खुंटीला लावला. मिस्त्री म्हणाला, "लावतीस काय? घाल." मी घातला.

चौकटीचं लाकूड तसंच पडून होतं. काही दिवसांनी भाया ते कापून घ्यायला आले. दारात थांबले. खांद्यावरचं उपरणं काढलं, खुंटीला अडकवलं आणि आत आले. मी पाटी भरत होते. मी शर्टाखालचा पदर बाहेर काढला नाही. भायांनी लाकूड बघितलं, कापायचं माप सांगितलं, आणि जाताना उपरणं घेऊन गेले.

मिस्त्रीला त्या हाताने आरा चालवता आला नाही. मालकाने त्याला दारात बसवलं, खुंट्यांपाशी. येणाऱ्याचे हात बघायचा, गळा बघायचा. अंगठा नसल्यामुळे त्याला तंबाखू मळता येईना. डाव्या हाताने चुना लावायला बघायचा आणि सगळं सांडायचा. मग मीच मळायला लागले. अर्धी त्याला, अर्धी मला. तो म्हणायचा, "चुना कमी हाय." मी म्हणायची, "मग तुमीच मळा." असं बरीच वर्षं चाललं.

एकदाच मी त्याला विचारलं, "हाताचं वाईट वाटतं का वो?"

"कुठल्या?" तो म्हणाला. "ह्यो तर हाय की."

आता गिरणीत नवा आरा आहे, सगळा पत्र्याने झाकलेला. पुढची चौकट काढून शटर बसवलं. खुंट्या सरपणात गेल्या असतील, मी विचारलं नाही. भाया वारले. मालकही वारला. मिस्त्री यंदाच्या उन्हाळ्यात गेला, घरी, अंथरुणात. मी मातीला गेले होते. त्याचा उजवा हात पांढऱ्या कापडाखाली होता, म्हणून दिसला नाही.

त्या दिवशी पट्ट्यापाशी आम्ही दोघं होतो. दोघंही वाचलो. तो म्हातारा होऊन मेला. मी अजून आहे.