पाल मुतल्याचा फोड

आई गेल्यावर आठवडाभरातच माझ्या खालच्या ओठाच्या कोपऱ्यात चुणचुण सुरू झाली आणि मग एका सकाळी तिथे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस दिसला. ते फुटले, चिकट पाणी आलं, त्यावर पिवळट खपली धरली. बोलताना ती खपली तडकायची. चहा प्यायले की कपाच्या कडेला ओलसर डाग राहायचा. तो कप मी स्वतः घासायचे, पुन्हा घासायचे, आणि तरीही इतरांच्या कपांत ठेवताना माझा हात थबकायचा.

दुखवट्याला आलेली माणसं काय बोलावं हे न सुचून समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतात. जलदान विधी होऊन गेला होता, तरी माणसं येतच होती आणि माझ्या ओठाकडे बघतच होती. शेजारची पॉवरलूमवाल्याची बायको आईबद्दल दोन शब्द बोलली आणि लगेच म्हणाली, "दीदी, ये क्या हो गया? छिपकली मूत गई लगता है."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पालीच्या मुताने ओठ फुटत नाहीत एवढं मला कळत होतं. पण त्या दिवसापासून मी तोंडावर ओढणी घेऊन झोपू लागले.

पाली आमच्याकडे होत्याच. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना आहे. तिथली धूळ आणि किडे ट्यूबलाइटपाशी जमतात आणि त्यांच्या मागोमाग पाली येतात. आईच्या नव्या फोटोमागे एक जाडी, फिकट पाल राहायला आली होती. मेणबत्ती लावायला गेलं की फ्रेमखालून तिची शेपटी दिसायची.

पुढे दोन दिवसांनी सकाळी वज्रेश्वरीच्या बसने मावशी आली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. विधीला तिला ताप होता म्हणून येता आलं नव्हतं. फोटोसमोर बसून ती मोकळेपणी रडली, डोळे पुसले, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "पाल मुतली गं बाय तुला. तोंड उघडं टाकून झोपत असशील."

एवढं ऐकून माझा भाऊ झाडू घेऊन उठला. फोटो हलवला तशी पाल सुटली, आणि तिची तुटलेली शेपटी मेणबत्तीशेजारी पडून वळवळत राहिली. भावाने ती सुपलीत घेतली. सुपलीतही ती उडत होती. मला ओकारी आली. तोंडावर हात धरला तर खपली हाताला लागली, आणि ते शेपटीपेक्षा वाईट होतं.

"पारोशी थुंकी लाव," मावशी म्हणाली. "तोंड न धुता लावायची. तू तर धुतलंस. थांब, मी अजून चूळ भरली न्हाय." आणि मिशेरीने काळ्या झालेल्या दातांवरून तिने बोट फिरवलं. ते ओलं बोट माझ्या ओठाजवळ आलं तशी मी मागे सरले. खिडकीच्या उजेडात तेव्हाच मला दिसलं. तिच्याही वरच्या ओठावर, नाकाखाली, तसाच घोस होता. थोडा सुकलेला.

"मावशी, हे काय?"

"हे व्हय? हे मला नेहमीचंच. ताप आला, उन्हात राबलं, की हायच. आमच्याकडं काय पाली न्हायत?"

मी गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी लांबूनच बघितलं.

"पालीचा काही संबंध नाही. विषाणू आहे. बहुतेकांना लहानपणीच लागतो, घरातल्याच कुणाच्या तरी थुंकीतून. मग मज्जातंतूत जाऊन झोपून राहतो. ताप, ऊन, जागरण, मनाला धक्का, असं काही झालं की उठतो. घरात काही झालंय का?"

"आई गेली."

मी विचारलं, "हे जातं का?"

"फोड जातो. विषाणू राहतो." त्यांनी मलम लिहून दिलं. "हे चुणचुण सुरू होताच लावायचं, नंतर फारसा उपयोग नाही. फोडाला बोट लावू नका. लावलंच तर हात धुवा, डोळ्याला तर मुळीच लावू नका. पेला, टॉवेल वेगळा ठेवा. उन्हात ओठ झाका. घरात लहान बाळ आहे?"

"भाचीची मुलगी. भाची बाळंतपणाला आलीय. महिन्याचीही नाही अजून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग ऐका. ओठावर असं असलेल्या कुणीही तिचा मुका घ्यायचा नाही. खपली पडून कातडी नीट होईपर्यंत नाही. तुमच्यासाठी हा नुसता फोड आहे. एवढ्याशा बाळाच्या तो जिवावर बेतू शकतो."

मी मलम न घेताच घराकडे निघाले. प्रवासातून आलेल्या मावशीने आंघोळ झाल्यावरच बाळाला घेईन म्हटलं होतं. तिची आंघोळ एव्हाना झाली असणार.

आतल्या खोलीत भाची डोक्याला रुमाल बांधून भिंतीला टेकली होती. मावशी पाय लांब करून बसली होती आणि तिच्या पायांवर तेल लावलेलं बाळ होतं. "आली गं माझी ताई परत," मावशी म्हणत होती. "नाक बघ. हनुवटी बघ." घरात सगळेच हे म्हणत होते. मी म्हटलं नव्हतं. ओठ पुढे काढून ती बाळाच्या तोंडावर वाकली.

"मावशी, थांब!"

माझा आवाज त्या घरात एवढा कधी चढला नव्हता. बोलून भागणार नव्हतं म्हणून मी मधे हात घातला, आणि मावशीचा मुका माझ्या हातावर पडला. ओला, मिशेरीच्या वासाचा, आणि त्यात खपलीचा खरखरीतपणा. माझ्या अंगावर काटा आला. तिने तो बघितला.

"एवढी शिकलीस," ती सावकाश म्हणाली, "आता आपल्याच माणसाचा विटाळ मानतेस?"

हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. तो गावकुसाबाहेरून कुठवर आमच्या मागे आला आणि दीक्षा घेऊन कुणी तो टाकला, हे पोरांनाही ठाऊक आहे. भाची सरळ होऊन बसली.

"तुझी आय तुला भाकर चावून भरवायची," मावशी म्हणाली. "तिच्या तोंडातला घास तुझ्या तोंडात. तवा किळस न्हाय आली?"

आणि मला आईचा ओठ आठवला. शेतावरून आली की कधी कधी त्यावर हेच उठलेलं असायचं. पदराचं टोक ती त्यावर दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने मला भरवायची. तो कोमट, चावलेला, थुंकीने गोड झालेला घास. माझ्या ओठावर जे होतं ते तिथून आलं होतं. आईच्या साड्या वाटून झाल्या होत्या. हे मात्र माझ्याकडेच राहणार होतं, मरेपर्यंत.

मी खाली बसले. "मावशी, विटाळ नाही. आजार आहे. तुझ्या ओठावर आहे, माझ्याही आहे, आईच्याही होता. आपल्याला काही होत नाही. हिचा जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितलं."

"म्हणून तू तिला घेत नव्हतीस?" भाची म्हणाली. "मला वाटलं, आजी गेली तेव्हाच ही झाली म्हणून तुला नकोशी झाली. मी रडले गं आत्या."

"मला माझ्याच तोंडाची किळस येत होती," मी म्हटलं.

मावशीने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. मग तिने बाळ भाचीकडे दिलं.

"मंग त्या पालीनं काय केलं होतं?" ती म्हणाली. "उगा बिचारीची शेपटी गेली."

भाची हसली. मलाही हसू आलं आणि खपली तडकून ओठातून रक्त आलं.

मावशी मोरीत गेली. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. तोंडावर पदर घट्ट बांधून परत आली, बाळावरून दोन्ही हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. जितकी बोटं मोडतील तितकी माया, असं आमच्याकडे म्हणतात. तिची कडाकड मोडली. पदराआडून म्हणाली, "ये, तू बी कर. याला तर तोंड लागत न्हाय ना?"

मी हात धुतले. जिथे मावशीचे ओठ लागले होते तिथे साबण पुन्हा पुन्हा घासला. ती बघत होती, आणि मला थांबता येत नव्हतं. मग ओढणीने तोंड बांधून बाळाजवळ बसले, हात ओवाळले आणि बोटं कानशिलांवर दाबली. माझं एकच बोट मोडलं.