बोट वर होईपर्यंत

डोळे मिटून, उजव्या हाताची तर्जनी गुडघ्यावर टेकवून वेताच्या खुर्चीत बसलेले बाबा… इंद्रपुरीतल्या आमच्या क्वार्टरमधली संध्याकाळ मला अशीच आठवते. त्यांच्या शर्टाला कारखान्यातल्या तेलाचा वास, आणि कॉलनीच्या क्लबाने मोडीत काढलेल्या, आम्ही हातगाडीवरून घरी आणलेल्या पियानोच्या पोटातून येणारा डांबराच्या गोळ्यांचा.

माझ्यासाठी पियानोचे पाठ बाबा स्वतःच लिहीत – ग्राफपेपरवर, पेन्सिलीने. एका पानावर जेमतेम पाच-सहा सूर, बाकी सगळं कोरं. नियम एकच, पण तो वाजवणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यालाही लागू होता: सूर पूर्ण विरला की ऐकणाऱ्याने बोट उचलायचं, आणि तोवर वाजवणाऱ्याने पुढच्या पट्टीला हात लावायचा नाही. "वाजवणं सोपं आहे गं, शेवटपर्यंत ऐकणं कठीण," असं ते म्हणत. मी मात्र एक नंबरची चुळबुळी. बाहेर मैत्रिणींची लंगडी रंगात आलेली असे, आणि इथे एकेक सूर संपता संपत नसे.

मग, मी सहावीत असताना, बाबांचं बोट लवकर उठू लागलं. आधी थोडंसंच, पुढे तर सूर खोलीत चांगला घुमत असतानाच. मला वाटलं, बाबांना माझी दया येते. आईला मी अवाक्षर सांगितलं नाही – आयती सुटी कोण घालवणार? पाठ चटकन संपे आणि मी चपला न घालताच अंगणात पळे. दोन वर्षांनी हबीबगंजच्या डॉक्टरांनी बाबांचे कान तपासून विचारलं, "पहले क्यों नहीं लाए?" यंत्रांच्या घरघरीने कान केव्हापासून पोखरले जात होते, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं… मी गप्प राहिले. ती लाज अजून जात नाही, जाणारही नाही.

आता आम्ही कोलार रोडला राहतो. आई नाही, कानातलं यंत्रही बाबांनी कधीच काढून ठेवलंय. काल दिवेलागणीला मी पिवळा पडलेला पहिला पाठ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो ओळखला, हसले, खुर्चीत सावरून बसले आणि डोळे मिटले. मी पट्टीवर हात ठेवला, वळून पाहिलं – बाबांचं बोट वर झालं होतं.

मग मी पहिला सूर वाजवला. तो विरेपर्यंत ऐकला. बोट तसंच वर होतं.