उसाची पट्टी आणि कौसाबाईचं शून्य

"मॅडम, यात चूक काय आहे तेवढं सांगा," वृषाली म्हणाली.

"एकही चूक दिसत नाही, त्याचीच मला भीती वाटतेय," मी म्हणाले.

तिचा लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडा होता आणि पडद्यावर शून्यांची रांग लागली होती. शून्य, शून्य, एक, शून्य. भाजलेल्या पेशंटना विचारलेला प्रश्न साधा होता: पट्टी काढताना किती दुखलं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे जीव जातो. नेहमीच्या गॉजवाल्यांनी, म्हणजे जाळीदार कापडाची पट्टी लावलेल्यांनी, सहा, सात, आठ असे आकडे दिले होते. वृषालीच्या पट्टीवाल्यांना जणू कुणी हातच लावला नव्हता.

मी नगरजवळच्या एका मेडिकल कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. डॉक्टर लोक पेशंट तपासायचे आणि मी डॉक्टरांचे आकडे तपासायचे, त्यामुळे स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असायची. मी बेलापूरची. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मास्तरकी. दुसऱ्याच्या बेरजेवर लाल शाई ओढल्याशिवाय आम्हाला अन्न पचत नाही.

वृषाली डॉक्टर नव्हती. ती मटेरियल सायन्समध्ये पीएच.डी. करत होती. काष्टी गावची मुलगी, घरची शेती, शेतात ऊस. रस काढल्यावर जो भुसा उरतो, फॅक्टरीत ज्याला बगॅस म्हणतात, त्यातून ती सेल्युलोज वेगळं काढायची आणि त्याची कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पट्टी बनवायची. गॉज जखमेवर वाळून बसतो आणि निघताना नवी आलेली कातडी घेऊन निघतो. हिची पट्टी ओलसर राहायची आणि अलगद सुटायची. या एका पट्टीसाठी पोरीनं लग्न पुढं ढकललं होतं आणि एस.टी.चे धक्के खाल्ले होते. थीसिस द्यायची तारीख तोंडावर आली होती, फेलोशिप संपत होती. तिच्या गाईडनी, गुंजाळ सरांनी, पुण्याच्या एका कंपनीला शब्द दिला होता. हा निकाल दाखवला की करार होणार होता.

"अगं, साधी चिकटपट्टी ओढली तरी माणूस 'स्स' करतो," मी म्हणाले. "या लोकांना विचारतं कोण?"

"माझ्या पट्टीवाल्यांना मीच विचारते. गॉजवाल्यांना सिस्टर."

"आणि पट्टी काढतं कोण?"

"सगळ्यांची सिस्टरच काढतात. जखम धुऊन झाली की मला हाक मारतात. मग मी विचारते आणि नवी लावते."

"उद्या हाक मारायच्या आधीच जाऊ," मी म्हणाले. मला वॉर्डात पाय ठेवायचा मनस्वी कंटाळा, पण ती शून्यं काही मला स्वस्थ बसू देईनात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पडद्याबाहेर उभ्या राहिलो. आत कौसाबाई होती. नेवाशाकडची म्हातारी, बंबातलं कढत पाणी हातावर सांडलेलं. सिस्टरनी पट्टीला हात घातला आणि आतून आवाज आला.

"आई आई आई! हळू गं माझे बाई! कातडं सोलतीस का काय? कडंला लई चावतंय!"

"झालं मावशी, झालं," सिस्टर म्हणाल्या.

वृषालीचा चेहरा पांढरा पडला. तरी ती आत गेली, स्टूलावर बसली आणि रोजच्यासारखा म्हातारीचा चांगला हात हातात घेतला.

"मावशी, पट्टी काढताना किती दुखलं?"

कौसाबाईच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. ते पदरानं टिपून ती छान हसली. "काय बी न्हाई गं. गार गार वाटतंय. शून्य लिव्ह."

"मावशी, मी बाहेरच उभी होते. सगळं ऐकलं मी."

म्हातारी ओशाळली. मग उलट तिच्यावरच चिडली. "मंग तुज्या तोंडावर कसं सांगू? तू सोता केलीस न्हवं ही पट्टी? उन्हातानाची येतीस, हात धरून इचारतीस. पानावर बसल्यावर, भाजी खारट झाली म्हनून कुनी म्हनतं का? झ्याक झालीया म्हनायचं अन् वरून पानी प्यायचं."

"आणि सिस्टरना बरं दुखलं म्हणून सांगतात लोक?" मी विचारलं.

"तिनं कुटं केलाय त्यो कपडा? त्यो इकतचा. त्याला नावं ठिवली तर कुनाला वाईट वाटायचंय?"

मला हसू आवरेना. वृषाली मात्र हसली नाही.

आमच्या धंद्यात ब्लाइंडिंग नावाचा नियम आहे. विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, कोणती पट्टी कुणाची, हे होता होईल तो कळू द्यायचं नाही. नाहीतर मन आकड्यांत लुडबुड करतं. पुस्तकात त्यावर जाडजूड प्रकरण आहे, पण पंगतीत कसं वागावं हे काही त्यात लिहिलेलं नाही. आमच्या योजनेत 'प्रशिक्षित व्यक्ती प्रश्न विचारेल' असं म्हटलं होतं. वृषालीइतकी प्रशिक्षित व्यक्ती दुसरी कोण होती? ती व्यक्ती कोण, हे न विचारताच आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

त्याच दुपारी आम्ही गुंजाळ सरांसमोर बसलो. सर वाईट माणूस नव्हे. चार विद्यार्थ्यांच्या तारखा आणि कंपनीचे फोन यांच्यात पिचलेले होते, एवढंच.

"तू विचारलंस ना? त्यांनी उत्तर दिलं ना? तेच लिहिलंस ना? मग खोटं कुठं आहे यात?"

"लिहिलेलं खरंच आहे, सर. पण पट्टी चिकटते," वृषाली म्हणाली.

"हे एका म्हातारीनं सांगितलं."

"एकीनं सांगितलं. बाकीच्यांनी माझा मान ठेवला."

"अगं, कंपनी थांबणार नाही. फेलोशिप वाढायची नाही. घरी काय सांगशील?"

तिचे डोळे भरून आले. इतक्या कष्टांवर पाणी सोड म्हणायला काळीज दगडाचं लागतं. मला वाटलं, आता ही 'हो' म्हणेल, आणि म्हणाली असती तर मी तिला बोल लावू शकले नसते.

ती नाक पुसून म्हणाली, "सर, उद्या ही पट्टी दुकानात गेली की तीही इकतचीच होईल. मग लोक शिव्या घालतील. आणि त्या शिव्या खऱ्या असतील."

सरांनी चष्मा काढून पुसला. "एथिक्स कमिटीला पत्र लिही," ते म्हणाले. "सही मी करतो."

एथिक्स कमिटी म्हणजे माणसांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी आणि वेळ पडली तर ते थांबवणारी समिती. वृषालीचा प्रयोग थांबला. तिनं पट्टी लावलेल्या प्रत्येक पेशंटपाशी जाऊन कारण सांगितलं. कंपनी फोन घेईनाशी झाली. फेलोशिप संपली. वृषाली सकाळी ज्युनिअर कॉलेजात शिकवायची आणि दुपारी लॅबमध्ये यायची. एवढं होऊनही तिच्या तोंडून कुरकुर म्हणून ऐकली नाही. माझ्या नोकरीत मी पुष्कळ हुशार लोक पाहिले, पण स्वतःचा चांगला निकाल स्वतःच्या हातानं पुसणारी हीच. आमच्या घरात कौतुक जपून करतात. तरी मी त्या दिवसांत तिच्या पाठीवर थाप मारली आणि 'शाब्बास' म्हणाले.

पट्टी चिकटत का होती, हेही तिनं शोधलं. लॅबमध्ये एसी असतो, हवेतला ओलावा ठरवलेला असतो. वॉर्डात डोक्यावर गरगरणारा पंखा आणि बाहेर नगरचा उन्हाळा. पट्टीच्या कडा वाळून कडक व्हायच्या आणि कातडीत रुतायच्या.

मग ती पुन्हा कौसाबाईकडे गेली. या खेपेला किती दुखलं हे विचारलंच नाही. म्हणाली, "मावशी, पुढची पट्टी करताना काय कमी-जास्त करू?"

झालं! म्हातारी सुटलीच. "कडा मऊ कर. टोकं नगं ठिवूस, गोल काप. हात हलवला की वर येती, वाईच रुंद कर. अन् त्यो वास कसला मारतोय गं?" सुगरणीला नावं ठेवायची नसतात, पण पुढच्या वेळी मीठ किती घालू म्हणून तिनंच विचारलं, तर सांगायला मोकळीक असते. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि तरी प्रश्नावलीत घालायचं सुचलं नव्हतं.

वृषालीनं पट्टीत ओलावा धरून ठेवणारं ग्लिसरीन मिसळलं, कोपरे गोल केले. नव्यानं परवानगी काढली. या वेळी विचारणारी व्यक्ती तिऱ्हाईत होती, तिला कुठली पट्टी कुणाची हे ठाऊक नव्हतं. वृषालीला वॉर्डबंदी. ती खाली कँटीनमध्ये चहा गार करत बसायची.

निकाल आला. दोन, तीन, कुठं चार. शून्य जवळजवळ नाहीच. गॉज मात्र तिथंच, सहा-सातावर. पट्टी खरंच चांगली होती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पहिल्या खेपेला शून्य, आता तीन. तुमचं संशोधन पुढं गेलं की मागं?"

"सर, पहिल्यांदा लोकांनी माझा मान ठेवला होता," वृषाली म्हणाली. "या वेळी पट्टी तपासली."

परीक्षक हसले. कोपऱ्यात गुंजाळ सर उगाचच खोकले. पदवी मिळाली. पट्टी अजून बाजारात आलेली नाही. दुसऱ्या एका कंपनीशी बोलणी चालू आहेत, आणि त्यांना वृषालीनं आधी शून्यांची गोष्ट सांगितली, मग पट्टी दाखवली. मी आता रिटायर झाले आहे. संशोधन करणाऱ्या मुलांपुढं बोलायला बोलावतात तेव्हा मी सांगते, ज्यानं रांधलं त्यानं चव विचारू नये.

पदवीचे पेढे न आणता वृषालीनं घरी केलेले बेसनाचे लाडू आणले होते. मी एक तोंडात टाकला. बेसन कच्चं राहिलं होतं.

"मॅडम, स्वतः केलेत हं. कसे झालेत?" तिनं विचारलं.

"ते तू विचारू नकोस बाई," मी म्हणाले. "सिस्टरना पाठव."