शनिवारचा वाचनतास

काल शाळेत आलेला नव्या पुस्तकांचा गठ्ठा सोडला आणि शाईचा ओला वास नाकात शिरला. मला तिसरीचा वर्ग आठवला.

देगलूरजवळच्या आमच्या गावच्या सरकारी शाळेत बाई दर शनिवारी अवांतर वाचनाचा तास घ्यायच्या. एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. "अभ्यासक्रम सोडून हे कशाला? एखाद्या पोरीला वाचायला लावा. जमलं तर ठेवा हा तास," ते म्हणाले. बाईंनी मला उभं केलं.

अक्षरं ओळखीची होती, पण मी पहिल्याच शब्दावर बोट ठेवून नुसती उभी राहिले. आमच्या घरात तेलुगू बोलायचे. माझी मराठी चुकली तर सगळ्यांची पुस्तकं कपाटात बंद होणार, या धास्तीनं तळवे घामेजले आणि पानावर बोटांचे ठसे उठले. मागून मैत्रीण कुजबुजली, "वाच की गं, साहेब बघायलेत."

तेवढ्यात बाई जवळ आल्या, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "चदुवु अम्मा. वाच, बाळ." बाई लातूरच्या. त्यांच्या तोंडून आमच्या घरची भाषा मी पहिल्यांदाच ऐकली. मी वाचायला लागले. दोनदा अडखळले, पण पान संपवलं.

"चालू द्या," साहेब म्हणाले.

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मीच कापतेय, असं तेव्हा वाटलं. आता मीही शिकवते, माझ्याही वर्गात साहेब येतात. थरथरत होता तो बाईंचा हात, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.