धाकट्या जावेचं अर्धं राहिलेलं बोलणं

नातवंडांनो, परदेशातून फोनवर बोलताना तुम्ही मराठी शब्द शोधत थांबता आणि मी तो लगेच पुरवते. हल्ली तुम्ही "हं, तेच" म्हणून मोकळे होता. तेच होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

समोरच्याचं बोलणं मला संपायच्या आधीच कळतं. शाळेत, कॉलेजात, पुढे शिकवताना, घरात, सगळीकडे त्याचं कौतुक झालं. कौतुकाची सवय कुणी तपासून बघत नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात माझी धाकटी जाऊ मार्गासनीहून, नसरापूरला एसटी बदलून, भोरला माझ्याकडे आली. ती सावकाश बोलते. दोडकी ओट्यावर ठेवून म्हणाली, "अक्का, म्हनलं इचारावं... तुमची वरची खोली मोकळीच हाय, तर..."

तिचा नातू यंदा भोरच्या कॉलेजात आहे. माझ्या डोक्यात लगेच जुळलं. "नातवाला ठेवायचंय ना? मला नाही गं झेपायचं या वयात," मी म्हणाले. वर, हॉस्टेलमध्ये मुलांना शिस्त कशी लागते, तेही सांगितलं.

तिनं चहा घेतला. स्टँडवर सोडायला गेले, तेव्हा एसटीत चढता चढता म्हणाली, "पोराचं न्हाई वो. त्यो रोज येऊन-जाऊन करतोय. मीच येनार हुते ऱ्हायाला. तुमी न्हानीत पडल्यापास्नं जिवाला चैन न्हाई. पर तुमाला झेपायचं न्हाई म्हनता."

मी त्यावरही काहीतरी समजावू लागले. गाडी निघून गेली.

रविवारी मी मार्गासनीला गेले. तिच्या ओसरीवर बसून विचारलं, "येशील का माझ्याकडे राहायला?"

"आता कसं हाय, अक्का..." ती थांबली.

"भाताची काढणी झाल्यावर ये," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. "तुमीच बोला दोघींचं. माजं तोंड तरी दुखायचं न्हाई."

आतून तिची सूनही हसली. मग चहा झाला, भाताच्या गोष्टी झाल्या. ते बोलणं मात्र तिनं पुन्हा काढलं नाही, आणि सुनेसमोर परत विचारायची मला लाज वाटली.

आज तिला फोन करणार आहे. ती बोलेल तेवढा वेळ मला गप्प बसता येईल, असं छातीठोकपणे लिहवत नाही.