मुक्ताबाईचा गॉगल

जालना रोडच्या दुभाजकावर मुक्ताबाईनं बावीस उन्हाळे काढले होते. ठेकेदाराकडची नोकरी. सकाळी सातला टँकर यायचा, मग पाइप ओढत कण्हेरीला, बोगनवेलीला पाणी द्यायचं, खुरपायचं, गाड्यांतून फेकलेल्या बाटल्या वेचायच्या. दोन्ही अंगांनी वाहनं आणि डोक्यावर ऊन. सावली म्हणून जी होती ती तिनंच लावलेल्या झाडांची, आणि ती झाडं कमरेएवढी.

बावन्नाव्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं एक मांसल पडदा बुबुळाकडं सरकायला लागला. डोळा लाल, सतत पाणी. घाटीतल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "उन्हानं अन् धुळीनं झालंय हे. वाढलं तर ऑपरेशन करू. पण आधी गॉगल लावा, चांगला."

गॉगल! मुक्ताबाईला हसूच आलं. गॉगल लग्नातल्या नवरदेवानं लावावा. तरी तिनं रस्त्याकडेच्या गॉगलवाल्याच्या ढिगातून एक विकत घेतला. काळाकुट्ट, कारण जितका काळा तितका चांगला असा तिचा हिशोब. दुभाजकावर तो चढवून ती उभी राहिली तेव्हा सोबतची भागूबाई खुरपं टाकून हसली. "आवो मुक्ताबाई, शूटिंग हाय का काय आज?"

मुक्ताबाईनं हसणं सोसलं. महिनाभर लावला. पण संध्याकाळी डोळे पहिल्यापेक्षा जास्त चुरचुरायला लागले. आपला डोळाच गेला आता, असं तिच्या मनानं घेतलं.

एका रविवारी विहारातली वंदना आटोपून ती पांढऱ्या साडीतच औरंगपुऱ्यात गेली. तिथं एका बोळात पुंजाराम नावाच्या म्हाताऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान एवढंसं, माणूस त्याहून बारीक. तिनं काळा गॉगल काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "काका, ह्याच्याहून काळा हाय का?"

पुंजारामनं गॉगल उलटापालटा करून पाहिला. हसला नाही. उठून त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आत अंधारल्यासारखं झालं. मग खणातून नोटा तपासायचा जांभळा दिवा काढला.

"पदर धरा पुढं, ताई."

त्यानं दिव्याचा झोत पदरावर टाकला आणि मुक्ताबाई दचकून मागं सरली. पांढरा पदर निळा पेटला होता. विस्तव नाही, धग नाही, पण चांदण्यात भिजल्यासारखं कापड आतून उजळत होतं.

"ह्ये काय हो?"

"धुण्याच्या पावडरीत असतं काहीतरी, त्यानं कापड चमकतं. पण ज्यानं चमकतं ना, तो उजेड आपल्याला दिसत नाही. उन्हातही असतोच तो. दिवसभर डोळ्यात शिरतो आणि आपल्याला पत्ता नसतो."

मग त्यानं तिचा काळा गॉगल दिव्यापुढं धरला. पदर अजूनही निळा चमकत होता. जराही कमी नाही. त्यानं तो ठेवून एक तपकिरी काच धरली. तिच्यातून आरपार दिसत होतं, तिच्या गॉगलच्या निम्मीही काळी नव्हती. आणि पदर विझला. फुंकर मारल्यासारखा.

"पुन्यांदा दावा," मुक्ताबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा दाखवलं. काळी काच: पेटला. तपकिरी: विझला. तिनं चार वेळा करून घेतलं. पाचव्यांदा दिवा स्वतःच्या हातात घेतला.

"काळोख वाटला की डोळ्याची बाहुली मोठी होते," पुंजाराम म्हणाला. "म्हणजे तुम्ही नुसत्या काळ्या काचेमागं दार सताड उघडून बसल्या होत्या, अन् तो न दिसणारा उजेड खुशाल आत येत होता."

बावीस वर्षं ज्या उन्हात उभी होते त्याला मी अर्धंच ओळखत होते, असं तिला वाटलं.

"अन् ही काच गाड्यांवरची, पाण्यावरची चकाकी बी कापते," पुंजाराम म्हणाला. काच ठरली, आता फ्रेम. पुंजारामनं एक बारीक काळी पुढं केली. "ही घ्या, साधी हाय. वयाला शोभंल."

"वयाला नको, मला शोभंल ती दावा," मुक्ताबाई म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

म्हातारा खुलला. त्यानं तिचा चेहरा शिंप्यानं माप घ्यावं तसा निरखला. लांबट चेहरा, वर आलेली गालाची हाडं. त्यानं मोठी, कडेनंही झाकणारी, डाळिंबी रंगाची फ्रेम काढली. "कडेनं ऊन घुसणार नाय. अन् दिसाल बी झकास."

काच बसवून, शटर वर करून त्यानं आरसा उन्हाकडं धरला. तिनं त्यात पाहिलं. दोन भुवयांमधली आठी, जी जन्माचीच आहे असं तिला वाटायचं, ती सुटत चालली होती. ती आठी रागाची नव्हतीच, उन्हाची होती. किंमत ऐकून ती क्षणभर थबकली, पण गॉगल काही तिनं उतरवला नाही.

सोमवारी दुपारी, मोंढा नाक्याजवळ सिग्नल लाल झाला. मुक्ताबाईनं पाइप हातात धरून सहज मान वर केली आणि ती जागच्या जागी थिजली.

गाड्यांच्या काचा नाहीशा झाल्या होत्या. आजवर तिनं त्या काचांवर फक्त ऊन पाहिलं होतं, पांढरी, डोळे दिपवणारी चकाकी. पुंजारामची काच नेमकी तीच चकाकी कापत होती, आणि आत माणसं होती. एक बाई स्टिअरिंगवर हात ठेवून रडत होती. एक तरुण गाणं म्हणत होता, मान हलवून. सिल्लोडकडच्या जीपमध्ये मक्याच्या पोत्यांवर रेललेला म्हातारा पेंगत होता. मागच्या रिक्षाच्या काचेआड एक आजी कुणाच्या तरी वेणीला गजरा बांधत होती. सिग्नल हिरवा झाला, सगळे निघून गेले, आणि नवी माणसं येऊन थांबली.

"भागूबाई," तिनं हाक मारली. "इकडं ये. ह्ये लाव, अन् गाड्यांकडं बघ."

भागूबाईनं गॉगल चढवला. पुढच्या सिग्नलला थांबलेली एकेक गाडी तिनं न्याहाळली. मग हळूच म्हणाली, "आगं बया. लई माणसं हायेत की गं."

त्या आठवड्यात दुभाजकावरच्या सातही बाया घरातले, पोराबाळांचे गॉगल घेऊन पुंजारामच्या दुकानात गेल्या. दिव्याखाली सातांपैकी पाच फसवे निघाले. मुक्ताबाई तो दिवा उसना घेऊन ठेकेदाराकडं गेली आणि त्याच्याच महागड्या गॉगलमधून आपला पदर पेटवून दाखवला. पुढच्या महिन्यात हातमोज्यांबरोबर सगळ्यांना गॉगल आले.

सहा महिन्यांनी डॉक्टरीण बाईंनी तिचा डोळा पाहिला. पडदा होता तिथंच थांबला होता. "ऑपरेशनची घाई नाही," त्या म्हणाल्या, आणि मग न राहवून विचारलं, "फ्रेम कुठून घेतली हो?"