देणाऱ्यानं आधी खायचं

आमच्या घरात औषध देणाऱ्यानं आधी स्वतः चिमूटभर खायचं, अशी रीत होती. काढा असो की चूर्ण, देणाऱ्याच्या जिभेवर पडल्याशिवाय आई ते तोंडात घेत नसे.

हिंगोली जिल्हा नवा झाला, त्या सुमाराची गोष्ट. आम्ही कुरुंद्यात राहायचो. आईला कोरडा खोकला होता, म्हणून वारंगा फाट्यावरून ज्येष्ठमधाच्या चूर्णाची शंभर ग्रॅमची डबी आणली. समोर हिरवं पान आणि ठळक अक्षरं : संपूर्ण नैसर्गिक. तेवढं वाचून दाखवलं, चिमूट खाल्ली आणि डबी तिच्या हातात दिली. खताच्या पोत्यावरचा शब्दन्शब्द वाचणारा मी, पानाचं चित्र बघून थांबलो.

दीड महिन्यात तिसरी डबी संपत आली. आईच्या पायांवर सूज चढली. दवाखान्यात रक्तदाब १७०/१०० निघाला. "आणखी काही औषध घेतात का?" डॉक्टरांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हणालो. चूर्ण मी औषधात धरलंच नव्हतं.

घरी आल्यावर डबी उलटी केली. मागं बारीक अक्षरांत होतं : दिवसाला एक चमचा; उच्च रक्तदाब असल्यास वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. ते आईला वाचून दाखवलं.

"जेष्ठमध तर लेकरालाबी चाटवतेत. त्यानं कुनाला काय झालंय?"

"माय, पंधरा दिवसांत एक डबी. म्हणजे तू रोज तीन चमचे खाऊन राहिलीस."

"मायचे चमचे मोजाया शाळंत घातलं व्हतं का रे तुला?"

"डबीवर एकच लिहिलाय."

"लिव्हनारा आधी खाऊन दाखवतो का? तू खाल्लंस म्हनून म्या खाल्लं."

दुसऱ्या दिवशी जाऊन मी डॉक्टरांना चूर्णाचं खरं सांगितलं. चूर्ण बंद झालं. मग आईनं रक्तदाबाची गोळी माझ्यापुढं धरली. "आधी तू."

मला तेव्हा रक्तदाब नव्हता, ती चालणार नव्हती, आणि खाल्ल्याचं सोंग मला जमलं नसतं. तसं सरळ सांगितलं. तिनं हात मागं घेतला.

"खाता येत न्हाई तर समोर तरी बस. गिळूस्तोवर हालायचं न्हाई."

मी बसलो. सूज उतरली, आकडा १४०/९० वर आला, तरी रोज सकाळी ती मला बसवायची. फार तर दोन मिनिटं लागत. मी तेवढ्यातही घड्याळ बघायचो. "जाय की. तुझं हापिस काय पळून चाललंय?" म्हणायची, आणि मुद्दाम सावकाश पाणी प्यायची.

आता मलाच रक्तदाब आहे. गोळ्यांसोबतचा कागद मी दोन्ही बाजूंनी वाचतो. किती घ्यायची, कशासोबत घ्यायची नाही, सगळं कळतं. तरी गोळी हातात घेतली की थोडा थांबतो. घरातली माणसं आपापल्या कामात असतात. समोर बसा, असं त्यांना म्हणायचं रोज मनात येतं. अजून म्हटलेलं नाही.